टेबलाखालचा हात

"उजवा हात टेबलाखालीच राहू दे," आमचे संचालक सारिकाला बजावत होते. "कॅमेऱ्यात दिसला न्हाय पायजे."

इंटरव्ह्यू ऑनलाइन होता. पलीकडे जपानमधल्या एका वृद्धाश्रमाच्या मुख्य बाई, अलीकडे धाराशिवच्या आमच्या क्लासमधल्या मुली, एकेक करून. काम म्हाताऱ्यांच्या देखभालीचं. मी जपानीचा मास्तर आणि त्या दिवसापुरता दुभाषा.

"सर, आधीच सांगून टाकू," मी म्हणालो. "मेडिकलला कळणारच आहे."

"मास्तर, तुमी कुणाचं लगीन जमवलंय का? मुलगी दाखवताना उणंदुणं कोण सांगतं व्हय? आधी पसंती होऊ द्या. मग हळूच सांगू."

सारिकाची आई दाराशी खुर्ची घेऊन बसली होती. तिनंही मान डोलावली. "व्हय सर. एकदा पसंत पडू द्या."

मला संताप आला, पण क्लास त्यांचा, मुलगी तिची. मी लॅपटॉप सुरू केला.

सारिका तेरखेड्याची. तिथं घरोघरी फटाक्यांचं काम. बारावीनंतर तीही त्याच कामाला लागली. एके दिवशी हातातला माल भडकला आणि उजव्या हाताची दोन बोटं अर्धी गेली. आमच्याकडं आली तेव्हा पहिल्याच दिवशी म्हणाली, "सर, परत फटाक्याच्या कामावर जायचं न्हाय मला. काय बी शिकवा." घरी दुसरी वाट नव्हती. एक तर जपान, नाही तर पुन्हा तोच माल.

जपानीत तीन लिप्या एकत्र चालतात. हिरागाना ही रोजची. काताकाना परक्या शब्दांची, म्हणजे आपली नावं त्यात लिहायची. तिसरी कांजी; तिच्यात एकेका चिन्हाला अर्थ असतो, आणि ती शिकताना भले भले रडकुंडीला येतात. शिवाय प्रत्येक अक्षराची रेघ कुठून सुरू करायची, कुठं संपवायची, हे ठरलेलं. आडवी रेघ डावीकडून उजवीकडं. उजव्या हाताला ती ओढता येते, डाव्याला ढकलावी लागते. डाव्या हातानं लिहिणाऱ्या सारिकाचा कागद सुरुवातीला फाटायचा. मग तिनं वही तिरकी करून बघितली, पेन बदलून बघितलं. बाकीच्या मुली चहाला गेल्या तरी ही रेघा ढकलत बसायची.

गंमत अशी, की मराठी ती उजव्या हातानं शिकलेली. डाव्या हातानं मराठी सही केली तर पहिलीतल्या पोरासारखी वेडीवाकडी. जपानी मात्र छापल्यासारखं. त्या हातानं नीट शिकलेली ती पहिलीच लिपी.

इंटरव्ह्यू झकास चालला होता. बाईंनी घरचं विचारलं, पेशंट रात्री रडायला लागला तर काय कराल ते विचारलं. सारिकानं सगळी उत्तरं दिली. मला तोंड उघडावंच लागलं नाही. मग बाई म्हणाल्या, "तुमचं नाव लिहून दाखवा."

तिनं काताकानात नाव लिहिलं आणि कार्ड कॅमेऱ्यासमोर धरलं. एका हातानं.

जपानमध्ये कागद, कार्ड, काहीही समोरच्यापुढं करायचं तर दोन्ही हातांनी. हे मीच घोटून घेतलेलं. आधीच्या सगळ्या मुलींनी तसंच धरलं होतं.

"अक्षर सुंदर आहे," बाई म्हणाल्या. मग थांबून विचारलं, "उजव्या हाताला काही झालंय का?"

सारिकानं लॅपटॉपवरून नजर उचलली. संचालकांना जपानीचं एक अक्षर येत नव्हतं, पण प्रश्न कळला असावा. त्यांनी जोरजोरात नकारार्थी मान हलवली.

"नाही," सारिका जपानीत म्हणाली. "काही झालेलं नाही."

"मग दोन्ही हात दाखवता का?"

तिनं हात वर आणला.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. हळू, सोप्या शब्दांत बोलल्या. असा हात असलेली एक बाई आमच्याकडं काम करते. तुम्हालाही घेतलं असतं. पण आमच्याकडं म्हातारी माणसं पडतात, त्यांना लागतं, ते लगेच सांगावं लागतं. विचारल्यावर लपवणाऱ्या माणसाच्या हाती मी त्यांना देऊ शकत नाही. आम्हाला माफ करा. त्यांनी मान झुकवली. सारिकानंही झुकवली. स्क्रीन काळी झाली.

"काय म्हणल्या, मास्तर?" संचालकांनी विचारलं.

आई खुर्चीतून उठून पुढं आली होती. मी तिच्या तोंडाकडं बघितलं आणि लॅपटॉप मिटायला घेतला.

"जागा भरल्या म्हणं," सारिका म्हणाली. "अक्षर चांगलं हाय म्हणल्या."

"बघा, हाताचं काय न्हवतं," आई म्हणाली. "आपलं नशीबच."

त्या खोलीत जपानी समजणारे आम्ही दोघंच होतो. मी दुरुस्ती केली नाही.

त्या बॅचमधल्या दोघी जपानला गेल्या. सारिका तेरखेड्यात आहे, फटाक्यांच्याच कामावर. डाव्या हातानं नळ्या भरते.

नव्या बॅचला मी आता पहिलं अक्षर काढायच्या आधी सांगतो, की पोरींनो, ही नोकरी आहे, स्थळ नाही. जे झाकायचंय ते आधी सांगा. संचालकांना हे वाक्य आवडत नाही. ते म्हणतात, मास्तर, अशानं ॲडमिशन कमी होतील.