माईकवर अडलेलं नाव

तरणे लोक किस्से शोधत हिंडतात, आमच्याकडं ते घरपोच येतात. परतूरच्या धान्याच्या मोंढ्यासमोर चहाच्या टपरीवर आम्ही तिघं म्हातारे रोज सकाळी बसतो. रोज कुणाचा तरी एखादा शब्द तोंडापर्यंत येऊन परत गेलेला असतो.

गणपत मास्तरांनी अर्ध्या परतूरला मराठी शिकवलं. किराणा दुकानात हिंग आणायला गेल्ते, अन् हिंग हा शब्दच येईना. "ते रे, वरणात टाकतात, चिमूटभर, वास मारतं." दुकानदार त्यांचाच विद्यार्थी. म्हणला, "सर, रिकाम्या जागा अजून आम्हीच भरायच्या का?"

दुसरा कासीमभाई टेलर. बोलणं हल्ली लई हळू झालं. सून गुणाची, पण घाईची. ह्यानं "मला जरा" म्हणलं की पाणी. पुन्हा "मला जरा", की गोळी. तिसऱ्यांदा तिनं शाल आणली, तव्हा कुठं वाक्य पुरं झालं. "मला जरा बोलू दे, बेटी."

हसून घेतलं. पण हसताना आतून टरकलो होतो, कारण तिसरा मी. चाळीस वर्षं गावातल्या लग्नांत माईकवर मानपानाची नावं मीच पुकारली. आता नातीचं लग्न आलं, तर तिचा बाप, माझा पोरगा, म्हणतो, आधी डॉक्टरला दाखवू.

जालन्याला गेलो. डॉक्टर म्हणला, एका मिनिटात जनावरांची नावं सांगा. बैल, म्हैस, शेळी झाली अन् गाडी थांबली. पोराकडं बघितलं, लगेच आठवलं. "गाढव."

डॉक्टर म्हणला, "बाबा, शब्द डोक्यात असतो, तोंडात यायला उशीर होतो. वयानंच असंल, बहुतेक." त्या 'बहुतेक'नं माझी झोप गेली.

मंग त्यानं बायकोचं नाव विचारलं. पन्नास वर्षं 'अगं' म्हणून हाक मारलेली. तोंड उघडं, आवाज न्हाई. ही शेजारीच बसली होती. म्हणली, "ते न्हाई येणार, साहेब. ते लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच विसरलेत." डॉक्टरनं तरी कागदावर कायतरी लिहिलंच.

तव्हापासून न्हाणीत घोकून राह्यलो. कौसल्या, कौसल्या.

पोरानं शेवटी माईक दिला, पण अटीवर. अडलात की माघारी घेणार.

लग्नात शंभरेक नावं बराबर पुकारली. राहिला नवरीच्या मामाचा फेटा. मामा तीन, मान थोरल्याचा. नुसतं मामा म्हणलं तर तिघंबी उठतील, अन् मंग वर्षभर बोलचाल बंद. थोरल्याचं नाव आश्रुबा. आता लिहिताना बिलकुल अडत न्हाई. तव्हा गेलं ते गेलंच.

पोरानं माईकसाठी हात पुढं केला.

अन् माझ्या तोंडून निघालं, "कौसल्या."

सगळा मांडव बायांकडं वळला. ही उठली, पदर सावरला, "आले" म्हणली. येताना आश्रुबाला हाताला धरून घेऊन आली.