भावाच्या कार्डावर

वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मी काळा कोट घातला. त्याआधी भिवंडीतल्या एका शाळेत सव्वीस वर्षे मराठी शिकवले. कायद्याची पदवी नोकरी सांभाळून घेतली होती; वकिली करण्याचे धैर्य मात्र शाळा सोडल्यानंतरच झाले, आणि तेही पुरेसे नव्हते. ज्यांना वकील परवडत नाही अशा आरोपींसाठी जे वकील नेमले जातात, त्यांच्या यादीत माझे नाव होते. पहिली दोन वर्षे किरकोळ चोऱ्यांची प्रकरणे आली. मग खुनाचे एक आले.

आरोपी आतल्या एका गावातला, कुणबी घरातला, चोवीस वर्षांचा. शेताच्या बांधावरून ज्याच्याशी त्याचे भांडण होते, तो शेजारी भरदुपारी विहिरीपाशी मारला गेला होता. पळून जाणारा माणूस गावातल्या एका बाईने पाठमोरा पाहिला होता, आणि तो हाच, असे तिने पोलिसांना सांगितले होते.

तुरुंगातल्या पहिल्या भेटीत मी त्याला विचारले, "त्या दुपारी तू कुठे होतास?"

"कामाला होतो, मॅडम. मानकोलीला, गोडाऊनमध्ये."

मी गोदामाची नोंद मागवली. तिथे फाटकावर कार्ड लावल्याशिवाय आत सोडत नाहीत. त्या दिवसाच्या यादीत त्याचे नाव नव्हते. या नावाचा कामगार आमच्याकडे नाही, असे कंत्राटदाराने लेखी कळवले.

पुढच्या भेटीत मी एवढेच म्हणाले, "नोंदीत तुझे नाव मिळाले नाही."

त्याने मान खाली घातली. "बरं," म्हणाला.

शाळेत एखाद्या मुलाने वही घरी राहिल्याचे सांगितले, तर मी पुन्हा कधी विचारत नसे. खोटे उघडे पडले की मूल कोमेजते, हे मी पाहिले होते, आणि माझ्या या सवयीचा मला थोडा अभिमानही होता. त्याची खाली गेलेली मान पाहून मी तेच केले. तो खोटे बोलला असे मनाशी ठरवले, त्याला आणखी लाजवायचे नाही असेही ठरवले, आणि विषय बंद केला. तो गोदामात असल्याचा बचाव मी न्यायालयापुढे मांडलाच नाही. त्या बाईने किती अंतरावरून पाहिले, यावरच सगळी भिस्त ठेवली.

तिच्या उलटतपासणीनंतर बाररूममध्ये एक ज्येष्ठ वकील मला म्हणाले, "बाई, साक्षीदाराला 'कृपया' म्हणायचं नसतं. ती काय हळदीकुंकवाला आली होती?" सगळे हसले. मीही हसले.

त्याला जन्मठेप झाली.

निकालानंतर व्हरांड्यात त्याची आई माझ्याजवळ येऊन उभी राहिली. ती रडत नव्हती, गोंधळली होती.

"बाय, कामावर व्हता तरी शिक्षा कशी झाली?"

"तो कामावर नव्हता हो. नोंदीत त्याचं नावच नाही."

"त्याचं कसं असंल? मावसभावाचं असंल. कारड भावाचं हाय ना."

ती मला समजावू लागली, एखाद्या मठ्ठ मुलीला समजावावे तशी. मावसभाऊ सासरवाडीला गेला होता. खाडा पडला की कंत्राटदार माणूस बदलतो, म्हणून त्याचे कार्ड घेऊन हा गेला. गावातले सगळेच तसे जातात. कार्ड एक, माणसे दोन.

"हे आधी का सांगितलं नाहीत?"

"तुमी इचारलं न्हाय. आमाला वाटलं, एवढं तं तुमाला ठावं असंल."

मी घरी जाऊन ती यादी पुन्हा काढली. मावसभावाचे नाव होते. आत सकाळी आठ, बाहेर संध्याकाळी सहा. कितीतरी महिने तो कागद माझ्या कपाटात होता. फाटकावरच्या कॅमेऱ्याचे चित्रण तोवर कधीच पुसले गेले होते.

मावसभावाने प्रतिज्ञापत्र करून दिले. नोकरी जाणार हे त्याला ठाऊक होते, आणि ती गेली. उच्च न्यायालयात त्याचे अपील चालवणाऱ्या वकिलांनी ते वाचले आणि चष्मा काढून ठेवला. "निकालानंतर पुढे आलेला नातेवाईक. कोण विश्वास ठेवणार?"

तेव्हा मी माझे प्रतिज्ञापत्र लिहिले. आरोपीने पहिल्याच भेटीत हा बचाव सांगितला होता. मी तपासात कमी पडले. त्याला दुसऱ्यांदा विचारले नाही.

"हे दाखल केलंत, तर तुम्हाला पुन्हा कोणी प्रकरण देणार नाही," ते म्हणाले.

मी सही केली.

प्रत घेऊन मी तुरुंगात गेले. तू बोलला का नाहीस, असे अखेर विचारले.

"भावाचं काम गेलं असतं. आणि तुम्ही गप्प बसलात, तर म्हटलं, मॅडमकडे दुसरं काहीतरी भारी असणार."

मग त्याने जाळीपलीकडून कागद वर धरायला सांगितला आणि ओठ हलवत वाचू लागला. मध्येच थांबला.

"मॅडम, हे वाक्य फार लांब झालंय. जजसाहेब दमतील. मी कामाला होतो, एवढं आधी लिहा ना, तुमची चूक मागून."

त्याला माझा राग आला असता, तर मला तिथे उभे राहणे सोपे गेले असते. मी नवे प्रतिज्ञापत्र केले, त्याने सांगितले त्याच क्रमाने. अपील अजून सुनावणीला आलेले नाही.