मला पुढंच उतरायचंय

या, जवळ सरका. आणि ती पिशवी आधी मांडीवर घ्या बरं. माणसं उभी अन् पिशव्या बसलेल्या, ही कुठली रीत तुमची? रागावू नका. हे बोलायचा अधिकार मला सगळ्यात कमी, म्हणून तर सांगते.

“बसा, मला पुढंच उतरायचंय.” आमच्या सिस्टर एवढंच म्हणायच्या आणि उठायच्या. मी बालवाडीची बाई, त्या दवाखान्याच्या नर्स. मानवतहून सकाळच्या एसटीनं दोघी एकाच गावाला जायचो, एकाच बाकावर. कुणी म्हातारं, लेकुरवाळं चढलं की या उभ्या. पुढं कसलं उतरणं, आमचं गाव सगळ्यात शेवटी! पण बसणाऱ्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून ते खोटं. एक आजोबा रोज ऐकून ऐकून म्हणाले, “पोरी, तुझं गाव काय चाकं लावून पुढं पळायलंय का?” सगळी गाडी हसली. दांडी धरून सिस्टरही हसल्या. आणि मी काय करायचे? खिडकीतून कापूस बघायचे.

धाकटीच्या वेळी मला सातवा लागलेला. गाडी खच्चून भरलेली. सिस्टरनी उठून मला बसवलं अन् खड्डा आला की माझ्या पोटापुढच्या लोखंडी दांडीवर आपला हात आडवा धरायच्या. पोट आदळलं तर हातावर आदळावं.

मग विद्यापीठाच्या नामांतराचं पेटलं. कुठं कुठं बौद्धांची घरं जाळली. सिस्टर बौद्ध. आमच्या घरी सासऱ्यांनी सांगून टाकलं, तिच्याशेजारी बसायचं न्हाई. आठवडाभर त्या आल्याच नाहीत. आल्या त्या दिवशी नेमके माझे चुलत सासरे मागच्या बाकावर. सिस्टर नेहमीसारख्या माझ्याकडं आल्या. मी जागेवर पिशवी ठेवली. मीच म्हणाले, “माणूस यायलंय.”

त्या “बरं” म्हणाल्या अन् दांडी धरली.

कंडक्टर तिकिटं फाडत आला. ही जागा कुणाची, म्हणून मला विचारलं. मी पिशवीचे बंद आवळत बसले. सिस्टरच म्हणाल्या, “त्यांचं माणूस हाय. पुढच्या फाट्यावर चढणार.”

फाटा आला. गाडी थांबली. कुणी चढलं नाही. कंडक्टर माझ्याकडं बघत राहिला. सिस्टरनी मात्र मान खिडकीकडं वळवली, मला त्यांच्या नजरेला नजर द्यावी लागू नये म्हणून. गावापर्यंत त्या उभ्या.

चुलत सासऱ्यांनी घरी सांगितलं, सून शहाणी हाय. ती शाबासकी अजून अंगावरून उतरत नाही.

दुसऱ्या दिवसापासून सिस्टर ड्रायव्हरच्या मागं उभ्या राहायला लागल्या, जागा असली तरी. बोलायच्या, धाकटीचा खोकला विचारायच्या. बसल्या मात्र कधीच नाहीत. आज ‘या, बसा’ म्हणायचंच, असं मी रोज ठरवायचे. एकदाही म्हटलं नाही.

दोन वर्षांनी त्यांची बदली येलदरीला झाली. लेकरांना पेढे वाटायला बालवाडीत आल्या. मी चहा केला, तोही बालवाडीतच. घरी न्यायची छाती झाली नाही. माफीचा शब्द घशापर्यंत आला, चहाबरोबर खाली गेला.

येलदरी काही विलायत नाही. जिंतूरवरून गाडी जाते. पण कधी सुगी होती, कधी पाऊस, मग गुडघे. आता विचारलं तर तिथल्या दवाखान्यात कुणालाच त्या ठाऊक नाहीत.

पेढे वाटले त्या दिवशी बालवाडीच्या दारात चपला घालता घालता म्हणाल्या होत्या, “बाई, धाकटीला घेऊन या येलदरीला. तिला धरण दाखवीन. लवकर या.”