बुडालेल्या जहाजावरचा नारळ

नारळ पाण्यावर तरंगतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर आणि तेही समुद्राच्या तळाशी कळलं.

माझी बायको शुभा येलहंकाच्या एका शाळेत वर्षानुवर्षं भूगोल शिकवते. फळ्यावर महासागर काढून काढून तिचा हात बसला, पण समुद्राच्या आत काय असतं ते तिने कधी पाहिलं नव्हतं. (बेंगळुरूला समुद्र नाही. बेळ्ळंदूरचं तळं आहे, पण त्यात काय आहे ते न पाहिलेलंच बरं.) शेवटी तिने एका पोहण्याच्या तलावात अख्खा हिवाळा स्कूबाचे धडे घेतले. पुदुच्चेरीजवळ उथळ पाण्यात एक जहाज बुडालेलं आहे, ते एकदा बघायचं, एवढीच तिची इच्छा. मीही शिकलो, सोबत म्हणून.

निघताना आईने माझ्या हातात परसातल्या माडाचा नारळ ठेवला. सालासकट.

"वासू, समुद्रात उतरलास की आधी नारळ द्यायचा."

"देतो की. होडीतून टाकतो."

"टाकायचा नाही. खाली त्या जहाजावर हाताने ठेवायचा. दिलास असा फोन आला की मगच मी जेवेन. सरी?"

"सरी," मी म्हणालो. आईला नाही म्हणायला मी अजून शिकलेलो नाही.

होडीत आमचा प्रशिक्षक किरण बजावत होता, "खाली काही ठेवायचं नाही, खालचं काही आणायचं नाही." इकडे किरण, तिकडे उपाशी आई. मी पाठ वळवून नारळ ढगळ बनियनच्या आत सारला आणि वरून जाकीट घातलं. पोट मला आधीपासूनच आहे, त्यामुळे कुणालाच काही वेगळं वाटलं नाही.

शुभा अलगद खाली गेली. मी जाईना.

"सार, श्वास सोडा."

सोडला.

"स्वल्प आणखी."

होता नव्हता तो सोडला. तरी मी बुचासारखा वरच.

"पोटामुळे होतं असं," किरण हळूच म्हणाला आणि माझ्या कमरेला आणखी शिसं बांधलं. तोवर काय झालं ते बघायला शुभा वर आली होती.

"अहो, किती वेळा सांगितलं, भात कमी करा."

भातावरचा आळ मी मुकाट्याने ऐकून घेतला.

खाली पाणी कोमट होतं. दूरवर जहाजाची अंधूक आकृती दिसू लागली, तशी शुभाने माझा हात घट्ट दाबला आणि किरणबरोबर पुढे निघाली. माझ्यापाशी जहाजाची मोडून पडलेली डोलकाठी गाळात आडवी होती. म्हटलं, हेही जहाजच. बनियनमधून नारळ काढून दोन्ही हातांनी तिच्यावर ठेवला, डोळे मिटून नमस्कार केला. डोळे उघडले तर नारळ नाही! समुद्राने इतक्या तत्परतेने घेतला म्हणून मला भरून आलं. मग वर पाहिलं. नारळ भराभर आकाशाकडे निघाला होता.

आणि मी खाली. नारळ गेला होता, पण नारळापायी बांधलेलं शिसं माझ्यापाशीच होतं. धपकन गाळात बसलो. घाबरून पाय झाडले. जितके झाडले तितका गाळ उठला. डोलकाठी दिसेना, शुभा दिसेना, जहाज तर नाहीच नाही. समोरचं दिसेनासं झालं की वर यायचं, हा नियम. किरणने आम्हा दोघांना वर काढलं. गाळ बसेपर्यंत थांबायला होडीला वेळ नव्हता, त्यामुळे शुभाचं जहाज बघायचं राहूनच गेलं.

होडीवाला हातात नारळ घेऊन उभा होता. "खाली झाडं पण आहेत का?" त्याने किरणला विचारलं.

शुभाने नारळाकडे पाहिलं. मग माझ्या पोटाकडे. ते निम्मं झालं होतं.

"आईंचा?"

"हाताने ठेवायचा होता," मी म्हणालो.

किनाऱ्यावर उतरल्यावर तिनेच फोन लावला. "आई, नारळ दिला हं. जेवून घ्या."

त्यापेक्षा ती मला ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

आता घरी कुणी आलं की हमखास विचारतं, "मग अक्का, बुडालेलं जहाज दिसलं का?"

"दिसलं की," शुभा शांतपणे सांगते. "गाळात रुतलेलं होतं. जागचं हलत नव्हतं." मग आत वळून हाक मारते, "अहो, चहा आणताय ना?"

मी ट्रे घेऊन बाहेर येतो. ज्यांना पुदुच्चेरीला जाणं जमत नाही, त्यांचीही सोय होते.