उक्तं न घेणारे विष्णुकाका

विष्णुकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते नसलेल्या बोटीत बसले होते. सातपाटीच्या वाळूवर बोटीचा नुसता कणा मांडलेला, पलीकडे वाळत घातलेले बोंबील, आणि काका त्या कण्यावर बसून लाटेवर असल्यासारखे हळूच डोलत होते. मी नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते. हे गृहस्थ आमची बोट बांधणार की स्वप्नातच फिरवणार, अशी मला शंका आली. आज त्यांच्या साठीनिमित्त सांगते, ते दोन्ही करतात.

इतर सुतार बोट उक्ती घेत. आधी एक रक्कम ठरे, मग आत काय चाललंय ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. काका काम घेतात ते ‘रोज आणि सामान’ या बोलीवर. काम चालेल तितके दिवस रोज द्यायचा, लाकूड मालकाने मनोरहून आणायचं. वर त्यांची एक अट असते. दर शनिवारी संध्याकाळी मालकाने घरच्यांसह अर्धवट बोटीत येऊन बसायचं, हवं ते विचारायचं आणि पटलं नाही तर काम तिथेच थांबवायचं. रोजावरचा सुतार झोपेत रंधा ओढतो, असं लोक म्हणत. काका हसून सोडून देत.

त्या शनिवारांची मला अजून ओढ वाटते. फळ्यांच्या फटींतून पिवळं ऊन आत येई, सागाच्या भुशाचा वास सुटे, आणि जमिनीवरच्या त्या बोटीत आम्ही सगळे समुद्रावर असल्यासारखे हळू आवाजात बोलत असू.

तेव्हा शिडाच्या होड्या जाऊन इंजिनाच्या बोटी येत होत्या. आमचीही पहिलीच. पण इंजिन आलं ते सांगितल्यापेक्षा जड निघालं. त्याची बैठक पुन्हा उघडावी लागली, तेव्हा खालची एक फासळी हाताला मऊ, कुजकी लागली. नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली. वडिलांचा तोल गेला. आता उक्तं ठरवा, मागाल ते देतो, पण पुनवेला बोट पाण्यात हवी, असं ते म्हणाले.

काका खाली बघत म्हणाले, “दादा, उक्तं घेतलं तर मी ही फासळी झाकून टाकीन. मी पण माणूसच हाय. हिच्यात तुमची दोन पोरं बसनार हायत.”

“आनि पुनव?”

“पुनव पुढच्या वर्षी पण येल.”

वडिलांनी काम थांबवलं नाही, पण बोलणं थांबवलं. पौर्णिमेला सगळं गाव समुद्रावर गेलं, आमची बोट वाळूवरच राहिली. आईने तिच्यासमोर नारळ ठेवला. मला त्या दिवशी काकांचा फार राग आला होता.

फासळी बदलून बोट उशिरा पाण्यात गेली. त्याच हंगामात माझे दोघे भाऊ तिच्यातून मासेमारीला गेलेले असताना वादळ उठलं. आम्ही बायका किनाऱ्यावर बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी धुक्यासारख्या पावसातून इंजिनाची धडधड ऐकू आली आणि मी रडले. भाऊ उतरले. इंजिनाची बैठक जागची हलली नव्हती. वडील तसेच मोठं पापलेट घेऊन काकांकडे गेले. हे रोजात धरायचं की सामानात, असं काकांनी गंभीरपणे विचारलं म्हणतात.

उरलेल्या लाकडाचे त्यांनी वडिलांना विचारून माझ्या वर्गासाठी बाक केले. त्या दिवसांचा रोज मात्र त्यांनी लावला नाही. विचारलं तर म्हणाले, पोरांच्या बसण्याचा रोज घेत नसतात.

काकांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि त्यांच्या अर्धवट बोटींत आमच्या नातवंडांनीही बसावं. सत्काराचा मांडव थोडा तिरका दिसला तर काकांनी रागावू नये. तो माझे दोघे भाऊ बांधत आहेत. बांधायला ते आज आहेत.