उभ्या घरावरची फुली

अंधारखोलीतून माझ्या प्रयोगाची फिल्म धुऊन बाहेर आणली तेव्हा दाखवायला कुणीच नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत नांदेडची आमची प्रयोगशाळा ओस पडली होती. दारातल्या शिपायाला काय सांगणार? फिल्म पिशवीत घातली आणि एसटी धरली. लातूरला माझी खोली होती, कारण पोट तिथल्या शिकवणी वर्गावर चालायचं, संशोधनावर नव्हे. पण खोलीकडे न जाता गाडी बदलून तशीच आईकडे गेले.

आईला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होता. कळला उशिरा. विषाणूमुळे होतो, हे डॉक्टरांनी सांगितलेलं तिच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. या विषाणूची लागण कितीतरी बायकांना होते आणि बहुतेकींची आपोआप जाते, हेही तिनं ऐकलं होतं. तेव्हापासून तिचा एकच प्रश्न होता.

"मग माझ्याच अंगात राखण करणारं काई नव्हतं का गं?"

होतं, असं मी शंभरदा सांगितलं. तिला पटायचं नाही. सारा दोष ती स्वतःकडे घ्यायची. शेवटी चिडून म्हटलं, थांब, तुला दाखवतेच.

भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावात ती एकटी राहायची. वडील मी लहान असतानाच गेलेले. नव्या गावातले रस्ते रुंद आणि घरं लांब लांब. हाक मारली तर शेजारणीपर्यंत पोचत नाही. जुन्या गल्लीत भिंतीला भिंत होती, आमच्या फोडणीला पलीकडे शिंका यायच्या. तिथलं आमचं माळवदाचं घर भूकंपात पडलं नव्हतं. सागाच्या खांबांवर ते तसंच उभं राहिलं. पण पाहणीला आलेल्यांनी गल्लीतल्या सगळ्या घरांबरोबर त्याच्यावरही चुन्याची फुली मारली, पाडायची खूण. फुली पडल्यावर कोण ऐकतं? आमच्याच भावकीनं पहारी आणल्या. आई दारात उभी राहून "उभं हाय की हो" म्हणत राहिली.

त्या दुपारी मी तिला फिल्म दिली. दाराच्या उजेडात धरून ती बघत बसली. मी समजावलं. पेशीत पी-फिफ्टीथ्री नावाचं प्रथिन असतं. पेशी बिघडली तर तिला थांबवणं, नाहीतर मरू देणं, हे त्याचं काम. ही पहिली जागा बघ, तुझ्यासारख्याच कर्करोगाच्या पेशींची, जवळजवळ कोरी. तिथं ते सापडतच नाही. शेजारी त्याच पेशी आहेत, फक्त मोडतोड थांबवणारं औषध घातलंय. तिथं काळी पट्टी आली.

"म्हंजे ते व्हतं?"

रोज तयार होत होतं, मी म्हणाले. रोज मोडलं जात होतं. विषाणूचं ई-सिक्स हे प्रथिन स्वतः काही मोडत नाही. ते पेशीतल्याच दुसऱ्या एका प्रथिनाला हाताशी धरून पी-फिफ्टीथ्रीवर खूण करवतं. खूण दिसली की पेशीची स्वतःची यंत्रणा त्याचे तुकडे करते.

आईनं फिल्म पुन्हा उजेडात धरली. मग म्हणाली, "आपल्या घरावानी."

मला रडू आलं. इतकी वर्षं शिकवूनही मला हे सुचलं नव्हतं.

ते औषध मला चालंल का, असं तिनं हळूच विचारलं. नाही म्हणावं लागलं. ते बाटलीतल्या पेशींपुरतं, माणसाला देण्याजोगं नाही. तिनं मान हलवली. मग या पेशी कुणाच्या, हे विचारलं. मी सांगितलं, परदेशातल्या एका बाईच्या. ती कधीच गेली, पेशी तेवढ्या वाढत राहिल्या.

"तिला सांगितलं व्हतं का कुणी हे?"

नाही. तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

"मग मनाला लावून घेऊनच गेली असंल बिचारी," आई म्हणाली, आणि फिल्म पदरानं पुसून तिनं फडताळात ठेवली. शेजारीण आली तेव्हा तिला एक्सरे वाटला. कुणाचा म्हणून विचारलं तर आई म्हणाली, माझाच.

होळीच्या आधी ती गेली. तो प्रश्न तिनं पुन्हा विचारला नाही.

आता फिल्म लातूरच्या खोलीत आहे. वर्गात हे शिकवलं की पोरं विचारतात, परीक्षेला येतं का? येत नाही म्हणते आणि तरी शिकवते. मग खोलीवर येऊन एकटीपुरता भात टाकते. आई मनाला लावून घेऊन गेली नाही, एवढं मला माहीत आहे. तेही सांगायला आता कुणी नाही.