बंबाची नळी

काल सकाळी गल्लीत कोणीतरी ओल्या लाकडांची शेकोटी पेटवली आणि तो कडवट, डांबरी वास येताच मी माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात जाऊन पडले. न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. त्यात सुकीच लाकडं घालायची आणि दर शनिवारी त्याची धुराची नळी टोकाला चिंधी बांधलेल्या बांबूनं खरवडायची, हा सासूबाईंचा नियम. मी महाराणी, ओलीसुकी लाकडं कोंबायचे आणि दर शनिवारी नुसतंच "केली" म्हणायचे.

एका सकाळी नळी चिकट काजळीनं पार बुजली. सगळा धूर माझ्या तोंडावर, पाणी गारढोण, आणि बाहेर नणंदेचं दहा दिवसांचं बाळ तेल लावून उघडं. मालिशवाली म्हणाली, "काहून वं सूनबाई, पाणी तापवून राहिली का आम्हाले धुरी देऊन राहिली?"

बाळाला थंडी बाधली तर? मी रडत, खोकत, वेड्यासारखी फुंकत राहिले.

इतक्यात सासूबाई स्वयंपाकघरातून कढत पाण्याचं पातेलं घेऊन आल्या.

"बांबूची चिंधी महिनाभर पांढरीच आहे वं. म्हणून मी पहाटेच गॅसवर पाणी ठेवलं. आता तू नळी खरवड."

तेव्हा वाटलं, काय दुष्ट बाई आहे. आज कळतं, त्यांनी त्या सकाळी फक्त मला रडवलं, बाळाला नाही.